लहान मासा आणि माशाचे पिलू : मासळीच्या व्यापाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे

मटणाच्या दुकानात आपला ग्राहक जबीहाची चौकशी केल्याशिवाय पिशवी पुढे करीत नाही. जनावर कोणी कापले, कसे कापले, हे तो दुकानदाराला स्पष्ट विचारतो. तोच ग्राहक मासळीच्या टोपलीपुढे आला की दोनच प्रश्न विचारतो : ताजी आहे का आणि कितीला दिली? मासळीला जबीहा लागत नाही आणि सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीने समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल ठरविली आहे. त्यामुळे मासळीच्या बाबतीत चौकशी संपली, असे आपण गृहीत धरून चालतो. ग्राहकाचे ठीक आहे. पण मासळीचा व्यापार करणाऱ्यांनीही तेच गृहीत धरावे, हे आम्हाला योग्य वाटत नाही.

पवित्र कुरआनात सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत जमिनीवरील वस्तू खाण्याची परवानगी देताना 'हलाल'च्या जोडीला 'तय्यिब' हा शब्द आला आहे. तय्यिब म्हणजे निर्मळ, चांगले, हितकारक. मासळी हलाल आहे यात वाद नाही. पण ती तय्यिब आहे की नाही, हे तिला कसे पकडले, कसे ठेवले आणि काय सांगून विकले यावर ठरते. या तिन्ही गोष्टी ग्राहकाच्या हाती नसतात. त्या मच्छीमाराच्या आणि त्याहूनही अधिक व्यापाऱ्याच्या हाती असतात. म्हणून या पानावर आम्ही हा विषय धर्मोपदेश म्हणून नव्हे, तर धंद्याचा प्रश्न म्हणून मांडीत आहोत.

आपल्या समाजाचा या धंद्याशी संबंध जुना आहे. रत्नागिरीचा मिरकरवाडा आणि राजिवडा, दापोलीचे हर्णे, त्याखाली दाभोळ, जयगड, अशा बंदरांत कोकणी मुस्लिम मच्छीमार पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगत आले आहेत. त्यांच्या मागे नौका बांधणारे सुतार, जाळी विणणारे आणि सांधणारे कारागीर, बर्फाचे कारखानदार, टेम्पोवाले, सुक्या मासळीचे व्यापारी आणि मुंबई-पुण्याचे हॉटेलवाले अशी मोठी साखळी उभी आहे. समुद्रातली मासळी कमी झाली तर या सगळ्यांच्याच चुली थंडावतील. मासळी कमी होत चालली आहे, ही तक्रार तर आज प्रत्येक बंदरावर ऐकू येते.

दोन प्रकारची लहान मासळी

मासळीच्या बाजारात जे जे लहान दिसते ते एकाच जातीचे नसते. जवळा, करदी, मांदेली ही मासळी जन्मतःच लहान. ती पूर्ण वाढली तरी बोटाएवढी किंवा त्याहूनही लहान राहते. ती लवकर वाढते, लवकर अंडी घालते, आणि ती खाण्यात काही गैर नाही. उलट ती खाणे आरोग्याला चांगले, हे आम्ही पुढे सांगणारच आहोत.

दुसरी लहान मासळी म्हणजे मोठ्या माशाचे पिलू. तळहाताहून लहान पापलेट, वीतभर सुरमई, नखाएवढे डोके असलेला बोंबील हे लहान मासे नव्हेत. ही माशांची लहान मुले आहेत. त्यांनी आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. त्यांना पकडणे म्हणजे कैरी होण्याआधी मोहोरच झोडपणे होय. कोकणातल्या माणसाला मोहोर झोडपल्यावर काय होते ते सांगावे लागत नाही.

हा फरक सरकारने आता कायद्यातही आणला आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने कोणत्या जातीचा मासा किमान किती लांबीचा झाल्यावर पकडावा याची यादी तयार केली. केरळने २०१५ साली ती प्रथम लागू केली. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर आणि बोंबलासाठी १८० मिलिमीटर ही त्यातली नित्याच्या व्यवहारातली दोन मापे प्रत्येक व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावीत. त्याच वर्षी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले. ज्या माशाला राज्याने मान दिला, त्याचीच पिले बाजारात वाट्यावर विकली जावीत, ही गोष्ट कोणालाच शोभत नाही.

कायद्याचे माप ही किमान मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवावे. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर, वीतभरसुद्धा नव्हे. शहाण्या व्यापाऱ्याने त्याहून मोठाच मासा घ्यावा.

मुद्दल खाण्याचा हिशेब

आता हिशेब पाहू. समजा, पापलेटची ५० ग्रॅम वजनाची २० पिले मिळून एक किलो माल झाला. ही पिले समुद्रातच राहिली आणि त्यातली निम्मी इतर माशांनी खाल्ली किंवा मेली, असे धरले तरी १० उरतात. त्यांचे वजन पुढे प्रत्येकी ३०० ग्रॅम झाले, तर तीन किलो माल होतो. शिवाय मोठ्या पापलेटचा किलोमागे भाव लहानाच्या कितीतरी पट असतो. म्हणजे वजन तिप्पट आणि भावही वरचढ. त्याशिवाय त्यांनी घातलेली अंडी हा पुढच्या हंगामाचा माल, तो वेगळाच.

व्यापारी माणूस मुद्दल आणि नफा वेगवेगळे मांडतो. जो दुकानदार मुद्दलातून घरखर्च चालवतो, त्याचे दुकान किती दिवस चालेल हे सांगायला मुनीम लागत नाही. समुद्रातले पिलू हे आपले मुद्दल आहे, वाढलेला मासा हा नफा आहे. गेली काही वर्षे आपण मुद्दल विकून त्याला कमाई म्हणत आलो आहोत, असे आम्हाला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

मासळी कमी होण्याला केवळ जाळीच जबाबदार आहेत, असे आम्ही म्हणत नाही. केरळचे तारलीचे उदाहरण बोलके आहे. २०१२ साली तेथे सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती; २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. समुद्राचे तापमान आणि हवामानातील बदल यांचा त्यात मोठा हात असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. परंतु तापमान आपल्या हाती नाही, जाळे आणि खरेदी आपल्या हाती आहे. आजारी माणसाला उपाशी ठेवल्यावर तो दगावला, तर सगळा दोष आजाराला देता येत नाही.

जाळ्याचा आस खरेदीदार ठरवतो

दोष कोणाचा असे विचारले, तर बोट मच्छीमाराकडे जाते. आमचे मत वेगळे आहे. मच्छीमार तेच आणतो, जे धक्क्यावर विकले जाते. लहान पापलेटला गिऱ्हाईकच नसेल तर ते आणण्यासाठी कोणी डिझेल जाळणार नाही.

मग गिऱ्हाईक कोण? पहिला म्हणजे हॉटेलवाला. एका प्लेटमध्ये एक अख्खे पापलेट बसले पाहिजे, या हट्टापायी तो लहान आकाराचीच मागणी नोंदवतो. लग्नसमारंभाचे जेवण करणारे आचारीही 'माणशी एक' हिशेबाने तोच आकार मागतात. दुसरा म्हणजे मासळीचे खाद्य आणि खत बनवणारे कारखाने. त्यांना वजनाशी मतलब. माल पिलांचा आहे की जवळ्याचा, हे ते पाहत नाहीत. तिसरा म्हणजे सुक्या मासळीचा व्यापारी, जो लहान बोंबीलही वाळवून विकतो. या तिघांतही आपले बांधव आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उचलीची. हंगामाच्या तोंडावर अनेक व्यापारी नौकामालकाला डिझेल, बर्फ आणि जाळ्यासाठी आगाऊ रक्कम देतात आणि त्या बदल्यात सगळा माल आपल्यालाच, तोही बाजाराहून कमी दराने मिळावा अशी अट घालतात. कर्जावर असा लाभ घेणे शरीयतच्या दृष्टीने कसे आहे, हे ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारावे. आम्हाला ते निर्धोक वाटत नाही. अट घालायचीच तर अशी घालावी, जिच्यात कोणाचाच तोटा नाही : ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा. चौकोनी आस ओढला तरी उघडा राहतो आणि पिले निसटून जातात. तिरका आस ओढल्याबरोबर मिटतो आणि सगळेच अडकते. जाळी विणणाऱ्या आपल्या कारागिरांना ही गोष्ट कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा अधिक चांगली कळते. त्यांनी गिऱ्हाइकाला ती समजावून सांगितली, तर त्यांच्या हातच्या कामाला मागणीही वाढेल.

मोसम आणि बंदी

आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पावसाळा हा अनेक जातींचा अंडी घालण्याचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. या काळात चोरून धरलेली मासळी घेणारा व्यापारी त्या चोरीत भागीदार होतो, हे सांगायला नको. बिगरयांत्रिक होड्यांवरची आणि खाडीतली मासेमारी या बंदीत येत नाही. त्या गरीब मच्छीमाराचा माल याच दोन महिन्यांत अगत्याने घ्यावा. हॉटेलवाल्यांनी या काळात सुकी मासळी, तळ्यातले रोहू-कटला असे पदार्थ पुढे करावेत. 'आज पापलेट नाही, मोसम नाही' असे सांगणाऱ्या हॉटेलची पत कमी होत नाही. आंबा डिसेंबरात मागणारा ग्राहक आपण पाहिला आहे काय? मग पापलेट मात्र बारमाही का लागावे?

पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली शासनाने सप्टेंबर ते डिसेंबर अशी मुदत घातली. त्याआधी २०१२ साली डॉ. सोमवंशी समितीने या जाळ्यांची संख्या कमी करण्याची शिफारस केली होती. २०१७ साली केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. कारण दिव्याकडे मोठा मासा येतो तसे पिलूही येते. २०२१ साली राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती होऊन दंडही पुष्कळ वाढले.

या प्रश्नावर आपल्या बंदरांत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांत आपलीच माणसे आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. पर्ससीनवाल्याने लाखोंची रक्कम गुंतवली आहे, त्याच्या नौकेवर अनेक खलाशांचे पोट आहे. गळ आणि लहान जाळीवाल्याचा घास त्याच पाण्यातून येतो. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा आम्ही या पानावरून करणार नाही. परंतु एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी : पिलू कोणाच्याही जाळ्यात गेले तरी नुकसान दोघांचेच आहे. निदान पिलांच्या बाबतीत दोन्ही तटांनी एका चटईवर बसावे.

आरोग्याचा हिशेबही त्याच बाजूला

सुदैवाने या विषयात समुद्राचे हित आणि ग्राहकाचे आरोग्य एकाच दिशेला आहेत. बांगडा आणि तारली यांत हृदयाला उपयुक्त असलेले ओमेगा-३ नावाचे स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. मांदेलीसारखी मासळी काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियम मिळते. ही मासळी स्वस्त आहे आणि समुद्रात लवकर भरून येते. असे असूनही पाहुणा आला की बांगडा लपवायचा आणि कर्ज काढून पापलेट-सुरमई वाढायची, ही रीत आपल्यात रूढ झाली आहे. ती बदलण्याचे काम चांगला आचारी आणि चांगला हॉटेलवाला करू शकतो.

मोठ्या शिकारी माशांची गोष्ट वेगळी. समुद्राच्या पाण्यातला पारा लहान जिवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत असा साठत जातो. जो मासा जितका मोठा, जितका वयस्कर आणि जितका शिकारी, तितका त्याच्या मांसात पारा अधिक. शिजवल्याने किंवा तळल्याने तो जात नाही. गर्भातील बाळाच्या आणि लहान मुलाच्या मेंदूला त्याचा धोका असतो. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तसेच लहान मुलांनी शार्क, मार्लिन, किंग मॅकरेल असे मासे टाळावेत, असे सांगितले आहे. शार्क म्हणजे आपली मोरी किंवा मुशी. किंग मॅकरेल ही आपल्या सुरमईच्याच कुळातली.

आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुद्दाम मोरी खाऊ घालण्याची प्रथा आहे. ही प्रथा प्रेमापोटी आली आहे, पण आजच्या माहितीप्रमाणे नेमक्या याच वेळी मोठी मोरी टाळलेली बरी. बाळंतिणीसाठी मासळी मागायला आलेल्या माणसाला विक्रेत्याने बांगडा, तारली किंवा मांदेली सुचवावी. त्यात त्याचा नफा थोडा कमी होईल, पण त्या घराची दुआ मिळेल. निरोगी मोठ्या माणसाने सुरमई सोडून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. रोजच्या रोज न खाता अधूनमधून खावी, इतकेच. मोरीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी : शार्क जातीचे मासे सावकाश वाढतात आणि पिले थोडी देतात. त्यातल्या व्हेल शार्क आणि करवती मासा यांना २००१ सालापासून वन्यजीव कायद्याने वाघासारखेच संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने या यादीत आणखी जाती आल्या. माल घेण्याआधी मत्स्यखात्याकडे चौकशी करणे हे व्यापाऱ्याच्याच हिताचे आहे.

बर्फ, फॉर्मेलिन आणि राशीच्या आतला माल

चांगल्या मोसमात, चांगल्या जाळ्याने पकडलेली मासळीही धक्क्यापासून ताटापर्यंतच्या प्रवासात बिघडू शकते. बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा या मासळीला बर्फाशिवाय उन्हात ठेवले की तिच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगावर चट्टे, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होतो. एकदा तयार झालेले हिस्टामिन कितीही शिजवले तरी जात नाही. लोक याला 'मासळी बाधली' म्हणतात. वास्तविक बाधते ती व्यापाऱ्याची कंजुषी. आपल्या उष्ण हवेत जितकी मासळी तितकाच बर्फ, हे प्रमाण धरावे, बर्फ बारीक करून थराथरांत घालावा आणि वितळलेले पाणी वाहून जाऊ द्यावे.

बर्फ कोणता हेही महत्त्वाचे. पिण्यायोग्य पाण्याचा बर्फच अन्नाला लावावा. कारखान्यातला न खाण्याजोगा बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळा करण्याचा नियम २०१८ साली महाराष्ट्रात आला. निळा बर्फ मासळीवर दिसला तर ग्राहकाने तेथून पाय काढता घ्यावा.

त्याच वर्षी, म्हणजे २०१८ च्या जून-जुलैमध्ये, केरळ आणि गोव्यात फॉर्मेलिन लावलेल्या मासळीचे प्रकरण गाजले. फॉर्मेलिन हे प्रेते टिकवण्याचे रसायन. त्यातला फॉर्माल्डिहाइड हा पदार्थ कर्करोगकारक म्हणून जाहीर झालेला आहे. त्या बातम्यांनी मासळीचा बाजार एका आठवड्यात कोसळला आणि ज्यांनी कधी फॉर्मेलिनला हातही लावला नव्हता अशा शेकडो विक्रेत्यांचा माल पडून राहिला. थोड्यांच्या लबाडीची किंमत सगळ्या धंद्याने मोजली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया जागच्या जागी ओळखण्याच्या कागदी पट्ट्या तयार केल्या आहेत. प्रत्येक बाजारातील विक्रेत्यांनी वर्गणी काढून त्या ठेवाव्यात आणि ग्राहकासमोर मासळी तपासून दाखवावी. याहून चांगली जाहिरात दुसरी नाही.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. आज टोपलीत वर ताजी आणि खाली नरम मासळी लावणे, शीतगृहातला महिन्याचा माल 'आजचा' म्हणून विकणे, परराज्यातील मालाला स्थानिक म्हणणे, हा तोच ओल्या धान्याचा प्रकार होय. शीतगृहातला माल वाईट असतो असे नाही. नीट गोठवलेली मासळी उन्हात ठेवलेल्या 'ताज्या' मासळीहून चांगली असते. वाईट आहे ते खोटे बोलणे.

किनाऱ्यापासून दूर असलेल्या आमच्या वाचकांसाठी तळ्यातल्या मासळीविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे बहुतांशी वनस्पती आणि सूक्ष्म जीवांवर वाढतात. स्वस्त आणि चांगले आहेत. परंतु काही ठिकाणी बंदी असलेला थाई मांगूर डबक्यांत पाळला जातो आणि त्याला कत्तलखान्यातली घाण आणि सडके मांस घातले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली या मांगूरविरुद्ध कडक आदेश दिले आणि राज्यात अशा तळ्यांवर कारवाई झाली. घाणीवर पोसलेल्या जनावराला फिकहमध्ये 'जल्लाला' म्हणतात आणि ते शुद्ध होईपर्यंत त्याचे मांस व दूध हदीसनुसार मना आहे. कत्तलखान्याचा कचरा विकणाऱ्या आणि मांगूर विकणाऱ्या, दोघांनीही याचा विचार करावा.

'मी नाही घेतले तर दुसरा घेईल'

या सर्वावर व्यापारी बांधवांचे एक उत्तर ठरलेले आहे : मी पिले घेतली नाहीत तर शेजारचा घेईल, माझे गिऱ्हाईक जाईल, समुद्र मात्र वाचणार नाही. हा आक्षेप पोकळ नाही. एकट्या-दुकट्याने नेकी केली आणि बाजार तसाच राहिला, तर नेकी करणाऱ्याचे नुकसान होते हे आम्हाला मान्य आहे. गरीब ग्राहकाला लहान पापलेटच परवडते, हेही खरे आहे. पण त्या ग्राहकाला त्याच पैशांत बांगडा आणि मांदेली अधिक मिळते आणि अधिक पोसते. आणि शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी मिळून ठरवणे हेच आहे. हे शक्य असते याचा दाखला आपल्याच देशात आहे.

केरळातील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्या काढण्याचा मोठा धंदा आहे. १९९१ साली तेथे सुमारे १० हजार टन तिसऱ्या निघाल्या. हव्यासाने उपसा झाला आणि १९९३ पर्यंत उत्पादन निम्म्यावर आले. तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मदतीने तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उपसा बंद ठेवण्याचे, जाळीची भोके मोठी ठेवण्याचे आणि लहान तिसरी न विकण्याचे नियम आले. नियम पाळले गेले आणि धंदा टिकला. २०१४ साली या खाडीला टिकाऊ मासेमारीचे आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. (शाफई मसलकानुसार तिसऱ्या हलाल आहेत, हनफी बांधवांनी आपल्या उलेमांच्या मतानुसार वागावे.) याउलट उदाहरणही समोर आहे : जाळ्यात अडकणारी कासवे सुटून जाण्याची सोय आपल्या ट्रॉलरांवर नाही, या कारणाने अमेरिकेने २०१९ साली भारताच्या समुद्रातील कोळंबीची आयात थांबवली. जे आपण स्वतःहून केले नाही, ते बाजाराने आपल्यावर लादले.

काय करता येईल

आमच्या सूचना मोजक्या आहेत. प्रत्येक बंदरावरील खरेदीदारांनी हंगामाआधी एकत्र बसून किमान आकाराहून लहान माल न घेण्याचा ठराव करावा आणि तो जमातीच्या व मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लावावा. लिलावाच्या जागी एक साधी मापपट्टी टांगावी. उचल देताना दर पाडण्याची अट सोडून चौकोनी आसाची अट घालावी. हॉटेलवाल्यांनी अख्ख्या लहान पापलेटऐवजी मोठ्या माशाचे तुकडे द्यावेत आणि बांगड्याला यादीत वरची जागा द्यावी. वाळवणीच्या व्यापाऱ्यांनी पूर्ण वाढलेला बोंबीलच घ्यावा आणि तो वाळूवर न पसरता बांबूच्या वलांडीवर वाळवावा. स्वच्छ मालाला दरही चांगला मिळतो. बर्फात काटकसर करू नये. आणि ग्राहकाने विचारले नाही तरी मासळी कुठली, केव्हाची, हे आपणहून सांगावे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही. लागतो तो थोडा सब्र आणि बाजारातल्या शेजाऱ्यावर थोडा भरवसा. समुद्र अल्लाहने आपल्या ताब्यात दिला आहे तो मालकी म्हणून नव्हे, अमानत म्हणून. अमानतीचा हिशेब द्यावा लागतो, तो इथेही आणि तिथेही. रोजीत बरकत हवी असेल, तर या हंगामापासून पिलाला हात लावायचा नाही, एवढा निश्चय मासळीच्या प्रत्येक व्यापाऱ्याने करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. अल्लाह आपल्या तिजारतीला हलाल आणि तय्यिब दोन्ही करो.